संदर्भ सात आणि संदर्भ अकरा

"टोणपे, तुझं आडनाव काय होणार आहे?" घोलप सरांनी टाइप केलेल्या कागदातून डोकं वर न काढताच विचारलं.

"चांदवडकर, सर."

"आणि नाव?"

"नाव आहे की. शुभदा."

"ते बदलतील ना सासरचे. ठरलं असेल काहीतरी."

ठरलं होतं. मुलगा गिरीश, म्हणून मी गिरिजा. सासूबाईंनी साखरपुड्यातच जाहीर करून टाकलं होतं आणि सगळ्या बायकांनी 'किती छान जुळतंय' म्हणून माना डोलावल्या होत्या. गिरिजा गिरीश चांदवडकर. मी आंघोळ करताना दोन-तीनदा म्हणून पाहिलं होतं. दर वेळी वाटायचं, आपण दुसऱ्याच कुणालातरी हाक मारतोय.

"मग पेपरवर तेच टाक," सर म्हणाले. "छापून येईपर्यंत तू टोणपे राहणार नाहीस. मागून घोळ नको."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तेव्हा विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात औषधवैद्यक विभागात घोलप सरांच्या हाताखाली होते, नुकतीच एम. डी. झालेले, आणि सगळ्या जगाला दोन गोष्टी शिकवायला तयार. लग्न दीड महिन्यावर आलं होतं, पण माझं सगळं लक्ष त्या पेपरात होतं. तो माझा पहिला पेपर. लेखकांत सरांच्या पाठोपाठ माझं नाव. व्याख्यात्याच्या पदासाठी मुलाखती होणार होत्या आणि निदान एक छापील पेपर हातात असल्याशिवाय तिथे कुणी उभं करत नसे. तेव्हा टोणपे काय आणि चांदवडकर काय, छापून येऊ दे म्हणजे झालं, असा माझा हिशेब होता.

पेपर होता पिवळ्या कण्हेरीच्या विषबाधेवर. आमच्याकडे तिला बिट्टी म्हणतात. पोरं तिच्या बिया खेळायला घेतात, आणि एखादं खाऊनही टाकतं. मग हृदयाचे ठोके अडखळायला लागतात. असा रुग्ण दवाखान्यात किती दिवस ठेवायचा? सरांचं म्हणणं, एक दिवस लक्ष ठेवा, ईसीजी ठीक असेल तर घरी सोडा. आपल्या भागातल्या पाच जुन्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून त्यांनी ते सिद्ध केलं होतं. नियतकालिकाने लेख स्वीकारला होता, पण एका अटीवर. संदर्भांची यादी त्यांच्या पद्धतीने नीट करून, प्रत्येक संदर्भ मूळ अंकाशी ताडून, महिन्याभरात परत पाठवायची. नाहीतर लेख रद्द.

सरांची यादी म्हणजे बोलायची सोय नव्हती. त्यांनी वर्षानुवर्षं कुठून कुठून उतरवून घेतलेले संदर्भ होते ते. कुठे वर्ष नाही, कुठे पान नाही, एका ठिकाणी नुसतंच 'जोशी, बहुतेक मुंबई'.

"सर, हे मूळ पेपर तुम्ही सगळे वाचलेत?" मी विचारलं.

"वाचले असतील त्या वेळी," सर म्हणाले. "संदर्भ म्हणजे साक्षीदार, टोणपे. खटला उभा राहिला की साक्षीदार रांगेत उभे करायचे. कोर्टात त्यांचे कपडे तेवढे नीटनेटके दिसले पाहिजेत. ते काम तुझं."

आणि मला ते काम आवडलं, हे आधीच सांगून टाकते. बाकीच्यांना त्याचा कंटाळा यायचा. पण आडनाव आधी, मग नुसती आद्याक्षरं, मध्ये टिंब नाही, मग शीर्षक, मग अंक, मग वर्ष, मग पानं, अशी एकेक ओळ शिस्तीत बसली, की मला कपाट आवरल्याचं समाधान मिळायचं.

ग्रंथालयाच्या तळघरात जुने बांधीव अंक होते. संदर्भ सात: मोहरील आय के, १९६१. संदर्भ अकरा: पेंढारकर व्ही एम, १९६७. आमच्या पाच अभ्यासांतले हेच दोन सगळ्यांत मोठे. नागपूरच्या मोहरीलांनी सांगितलं होतं, एक दिवस पुरतो. हिंगणघाटच्या पेंढारकरांनी सहा वर्षांनी स्वतंत्रपणे तेच सांगितलं होतं. सरांचा सगळा डोलारा या दोन खांबांवर होता.

झेरॉक्सच्या मशीनपाशी रांग होती, म्हणून मी दोन्ही खंड टेबलावर उघडे ठेवून चाळत बसले. मोहरीलांच्या लेखात एका मुलीची हकिगत होती. शेळ्या राखणारी पोर, भावाशी पैज लावून बिया खाल्लेल्या, शुद्धीवर आल्या आल्या तिने पैज जिंकल्याचं सांगितलं. मला हसू आलं. खाली तिच्या ईसीजीची पट्टी छापली होती, वरच्या कडेला शाईचा अर्धवट ठसा, कुणाचंतरी बोट उमटल्यासारखा.

मग मी पेंढारकरांचा लेख पाहिला. शेळ्या राखणारी पोर. भावाशी पैज. खाली ईसीजीची पट्टी आणि वरच्या कडेला तोच शाईचा ठसा.

मी दोन्ही खंड एकमेकांना चिकटवून पाहिले. शंकाच नव्हती. वर आणखी पेंढारकरांनी लेखात एक वाक्य लिहिलं होतं, की डॉ. मोहरील यांनीही आपल्या मालिकेत असेच निष्कर्ष नोंदवले आहेत. इंग्रजीत होतं ते, आणि त्यातल्या 'हिज'वरून मोहरील पुरुष असल्याचं स्पष्ट होतं. म्हणजे ज्याच्या घरात चोरी केली त्याचीच साक्ष!

मी तरातरा सरांकडे गेले.

"सर, अकरा नंबर चोर आहे."

सरांनी दोन्ही पट्ट्या उजेडात धरल्या. त्यांचा चेहरा उतरला. मला मात्र, खरं सांगते, आनंद झाला होता. पहिलाच पेपर आणि पहिलाच चोर पकडला.

"पेंढारकर हिंगणघाटलाच असतात अजून," सर म्हणाले. "दवाखाना आहे. वय झालं असेल खूप. जाऊन विचार. पण जपून विचार, टोणपे. तुझा आवाज जरा वरच्या पट्टीत असतो."

हिंगणघाटचा दवाखाना सापडायला वेळ लागला नाही. रिक्षावाल्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "पेंढारकर बाईंकडे? पेशंट नाई वाटत तुमी."

बाई! म्हणजे चोर बाई होती. यादीत नुसती आद्याक्षरं असल्यामुळे मी मनात एक टक्कल पडलेला, चष्म्याच्या वरून पाहणारा पेंढारकर तयार केला होता. तो मी रिक्षातच टाकून दिला.

बाई साठीच्या, काटक, पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा. दुपारची वेळ असल्यामुळे दवाखाना रिकामा होता. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं आणि कण्हेरीच्या पेपरासाठी आलेय म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"तो वाचला कुणी? कमाल आहे. बस."

मी बसले नाही. मनात घोकून आणलेलं वाक्य उभ्यानेच म्हणायचं होतं.

"मॅडम, तुम्ही डॉ. मोहरीलांना ओळखत होता का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पिशवीतून निघालेली झेरॉक्सची पानं पाहिली. एक सात नंबरचं, एक अकरा नंबरचं.

"चांगलंच ओळखते," त्या म्हणाल्या.

"त्यांच्या संमतीने घेतले होते हे रुग्ण?"

"संमतीनेच."

"तसा लेखी काही पुरावा?"

"पुरावा कशाला हवा? मोहरीलांनाच विचार ना."

"हयात आहेत ते?" मी चकित झाले. "कुठे असतात?"

"इथंच." बाई उठल्या. "बस तू. मोहरील चहा टाकतायत." आणि आत जाऊन त्यांनी स्वतःच चहाचं आधण ठेवलं.

मी बसले. खुर्ची होती म्हणून बसले, नाहीतर कुठे बसले असते देव जाणे. आतून कपबशांचा आवाज येत होता आणि बाई मोकळ्या गळ्याने हसत होत्या. मी दीड महिन्यात चांदवडकर होणार होते, मला गिरिजा होऊन दाखवायचं होतं, माझ्या आईची, मावशीची, काकूची, सगळ्यांची नावं लग्नात बदललेली मी लहानपणापासून ऐकत आले होते. आणि दोन तास एसटीत बसूनही माझ्या डोक्यात ही साधी गोष्ट आली नव्हती.

"इंदू केशव मोहरील," बाई कप पुढे करत म्हणाल्या. "त्रेसष्ट साली वसुधा माधव पेंढारकर झाले. आडनाव गेलं, बापाचं नाव गेलं, आणि इंदू सासूबाईंच्या जावेचं नाव होतं म्हणून तेही गेलं. पुढचं, मधलं, मागचं, सगळं."

"पण लेखात तुम्ही लिहिलंय की मोहरील यांनी…"

"मी नाही लिहिलं. मी लिहिलं होतं, माझ्या आधीच्या मालिकेतले रुग्ण यात धरलेले आहेत. संपादक मोठे काटेकोर. त्यांना वाटलं, बाईचा काहीतरी गोंधळ झालाय. पेंढारकरांच्या लेखात मोहरीलांचे रुग्ण कसे धरणार? त्यांनी ते वाक्य काढलं आणि आपलं घातलं. वर मोहरीलांना पुरुष केलं, तेही स्वखुशीने."

"तुम्ही कळवलं नाहीत?"

"कळवलं की! उत्तर आलं, या बाबतीत श्री. मोहरील यांनी स्वतः लिहावं."

मला हसू आवरेना, आणि हसता हसता राग आला. बाईंना मात्र जुना किस्सा सांगायचा हुरूप आला होता.

"पुढचं तर ऐक. एका परिषदेत मी कण्हेरीवर बोलले. एक तरुण डॉक्टर नंतर भेटायला आला. म्हणाला, मॅडम, तुम्ही जरा मोहरील वाचा, म्हणजे तुम्हाला हा विषय नीट समजेल."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, वाचेन हो. वाईट वाटलं त्या दिवशी. नाव बदललं त्याचं नाही वाटलं. वसुधाही मीच आहे, घरी सगळ्यांना माहीत आहे. पण घराबाहेर कोण सांगणार? मी जे सगळं शिकले, ते एका मोहरील नावाच्या बाप्याच्या खात्यावर गेलं. आणि तो हुशार आहे हो! त्याचं सगळेच कौतुक करतात."

मी पानं पुन्हा चाळली. आणि मग दुसरीच गोष्ट लक्षात आली.

"मॅडम, म्हणजे हे दोन अभ्यास नाहीतच. दुसऱ्यात पहिला आलाच आहे."

"बरोबर. सगळे मिळून जेवढे दुसऱ्यात आहेत तेवढेच."

"आम्ही दोन्ही मिळवलेत."

"तुम्हीच नाही. तीस वर्षं सगळे मिळवतायत." बाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे मी लुगडं बदलून दोनदा साक्ष दिली म्हणायची! आणि कोर्टाने ती धरली!"

मी कागद काढला. दोन्ही लेख एकाच व्यक्तीचे आहेत आणि रुग्णही तेच आहेत, असं तिथेच लिहिलं आणि सहीसाठी पुढे केलं. बाईंनी डॉक्टरी झोकात पेंढारकर अशी सही केली आणि पेन मला परत देता देता थांबल्या.

"मोहरीलांनी स्वतः लिहावं, असं म्हणाले होते ना ते?"

त्यांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं. क्षणभर हात तसाच राहिला. मग एका दमात सही उमटली, शेवटच्या अक्षराखाली लांब वळसा घेतलेली, तरुण मुलीची असावी तशी. बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"अगं बाई, आहे की अजून," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. माझेही भरले होते.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, मला वाटलं होतं तसे ते हसले नाहीत.

"चोरी नाही ना? मग झालं तर. दोन पेपर छापून आलेत, दोन संदर्भ आहेत. राहू दे."

"पण माणसं तीच आहेत, सर. त्या शेळ्या राखणाऱ्या पोरीला आपण दोनदा बरं केलंय."

"आकडे थोडे कमी होतील म्हणशील."

"थोडे नाहीत. मी रात्रीच करून पाहिलं. सात नंबर काढला की एक दिवस पुरतो असं म्हणायला आपल्याकडे काही उरतच नाही. पुरतही असेल. पण आपल्याला माहीत नाही. उद्या तालुक्याचा डॉक्टर आपलं वाचून पोराला दुसऱ्या दिवशी घरी पाठवेल. त्याला वाटेल पाच जण सांगतायत."

"टोणपे, लेख स्वीकारलेला आहे. पहिलं नाव माझं आहे."

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय, सर."

"आणि दुसरं तुझं आहे. मुलाखतीला काय घेऊन जाशील? हा कागद?"

ते वर्मी लागलं. मी रात्रभर तेच घोळवत होते. मला तो पेपर हवा होता, फार हवा होता. पण ती दुसरी सही माझ्यासमोर झाली होती. ती पाहिल्यावर मला संदर्भ सात नुसती एक ओळ म्हणून पुन्हा टाइप करता आली नसती.

"माझं नाव काढा मग," मी म्हटलं. "गिरिजा चांदवडकर कोण हे तसंही मला अजून माहीत नाही."

सर उठून वॉर्डात निघून गेले. मला वाटलं, संपलं. पेपर गेला, सर गेले, नोकरी गेली. मी टेबल आवरत बसले, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. दुपारी ते परत आले, लेखाची प्रत माझ्यापुढे टाकली. निष्कर्षाच्या पानावर त्यांच्या हाताची लाल रेघ होती, वरपासून खालपर्यंत.

"माझा पेपर खाल्लास तू," ते म्हणाले. "आता संपादकाला पत्र लिही. सात आणि अकरा एकच आहेत, आजवर सगळ्यांनी दोनदा मोजले, आणि एक दिवस पुरतो हे अजून ठरायचंय. एकटीच्या नावाने लिही. मी त्यात नाही."

"सर, तुम्ही सुद्धा…"

"मी मूळ पेपर वाचले नव्हते, टोणपे. तू वाचलेस." मग दारातून वळून म्हणाले, "कोणत्या नावाने लिहायचं ते तुझं तू बघ. मी सांगणार नाही आता."

मी शुभदा रामचंद्र टोणपे या नावाने लिहिलं. पत्र दीड पानाचं झालं. संदर्भांच्या यादीत दोनच नोंदी होत्या आणि त्या मी इतक्या सुबक लावल्या की टिंबसुद्धा इकडचं तिकडे नव्हतं. सोबत दोन सह्यांचा तो कागद जोडला. लग्नाच्या आठवड्यात संपादकांचं कार्ड आलं. पत्र छापायला गेलं आहे, असं होतं त्यात.

लग्न लागलं, आणि मग नाव ठेवायची वेळ आली. ताटात तांदूळ पसरलेले. गिरीशच्या हातात अंगठी. गुरुजींनी विचारलं, नाव काय ठेवायचं? सासूबाई माझ्या शेजारी होत्या. त्या प्रेमाने म्हणाल्या, "गिरिजा."

गिरीशने तांदळात 'गि' काढला.

"आई," मी म्हटलं. सर म्हणायचे ती माझी वरची पट्टी लागली असावी, कारण मांडवातल्या पुढच्या दोन रांगा गप्प झाल्या. "शुभदाच राहू द्या. ते छापायला गेलंय."

"काय छापायला गेलंय?"

"माझं नाव. पहिल्यांदाच छापून येतंय. आता बदललं, तर ती दुसरीच कुणीतरी होईल. लोक आम्हा दोघींना वेगळं धरतील."

एक आत्या म्हणाली, शिकलेल्या सुनेची ही नाटकं. माझी आई खालमानेने पदर चाचपायला लागली. गिरीश अंगठी हवेत धरून माझ्याकडे आणि त्याच्या आईकडे आळीपाळीने पाहत होता. बिचाऱ्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली, की आता जे होईल ते आयुष्यभर पुरेल.

सासूबाईंनी हात पुढे केला. मला वाटलं माझा हात धरतील. पण त्यांनी ताटातल्या तांदळावरून तळवा फिरवला आणि 'गि' पुसून टाकला. तांदूळ पुन्हा सपाट झाले.

"लिही रे, आहे तेच लिही," त्या गिरीशला म्हणाल्या. मग माझ्या कानाशी वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "मी मनोरमा होते."

गिरीशने 'शुभदा' लिहिलं. 'भ' जरा वाकडा झाला. पुढच्या रांगेत बसलेल्या हिंगणघाटच्या बाईंनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांच्या शेजारी घोलप सरांनी.

मुलाखतीत त्या पत्राला पेपर धरायचं की नाही यावर बराच वाद झाला. शेवटी धरलं. पिवळ्या कण्हेरीवर आजही कुणी लिहायला बसलं, की त्याच्या यादीत मोहरील आणि पेंढारकर एकाच ओळीत येतात, एका बाईची दोन नावं म्हणून. आणि खाली कुठेतरी टोणपे एस आर म्हणून मी असते. एकदाच.